कितीला घेतलं?

जालना जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या तरुण संघाने विचारलं आहे: 'गेल्या महिन्यात आमच्याकडे मानवी तस्करीवर सभा झाली. पोरं पेटली आहेत. काही म्हणतात, पुण्या-मुंबईला जाऊन मुली सोडवू. काही म्हणतात, वर्गणी काढू, दोन-तीन मुलींचे पैसे भरून त्यांना मोकळं करू. पास्टर म्हणतात, आधी प्रार्थना करा. बायबल यावर नेमकं काय सांगतं आणि आम्ही सुरुवात कुठून करायची?'

पैसे भरायचं आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. भरू नका. एक रुपयासुद्धा नाही. तुमच्या पैशातून घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, आठवड्याभरात दुसरी मुलगी आणते, आणि हातात रोकड असल्यामुळे पहिलीपेक्षा लहान आणते. व्यवहार तोच राहतो, फक्त गिऱ्हाईक बदलतं.

मी पुण्यात या कामात बावीस वर्षं आहे. सोडवून आणलेल्या मुली आणि बाया जिथे राहतात अशा एका घरात माझी नोकरी. तिथली एक संध्याकाळ सांगते. प्रार्थनेला बसणं आमच्याकडे सक्तीचं नाही, त्यामुळे अर्ध्या मुली चटईवर आणि अर्ध्या मागे मेथी निवडत बसलेल्या. बाहेरून आलेल्या एका बहिणीने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातून वाचलं: तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. मागून, मेथीच्या जुडीतून मान वर न करता, एका मुलीने विचारलं, "कितीला?"

पाहुण्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तिला खरंच आकडा हवा होता. तिचा स्वतःचा भाव तिला तोंडपाठ होता: पहिल्यांदा कितीला गेली, वर्षभराने दुसऱ्या घरात कितीला गेली, मग त्यावर साड्या, औषधं, लाइटबिल आणि पोलिसांचा हप्ता असं काय काय चढवलं गेलं. घरवालीची वही तिने पाहिली होती. तिच्या डोक्यात विकत घेणं म्हणजे त्या वहीत नाव लागणं. आपण मंडळीत हात वर करून 'तू मला मोल देऊन घेतलंस' असं गातो, तेव्हा ज्या बाईला सचमुच कोणी मोल देऊन घेतलेलं असतं तिच्या कानावर काय पडतं, हे माझ्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. त्या रात्री मी तिला उत्तर देऊ शकले नाही. ते वचन वाचायचं आम्ही थांबवलं नाही, पण आता ते आधी समजावून मगच वाचतो.

त्यानंतर मी बायबल भाव शोधत वाचायला लागले. खूप सापडतात. योसेफाला भावांनी वीस शेकेल रुप्याला विकला; शेकेल म्हणजे तेव्हाचं चांदीचं वजन. कुणाच्या बैलाने दास मारला तर मालकाला तीस शेकेल द्यावेत, असं निर्गमात आहे. यहूदाला मिळाले तेही तीसच, म्हणजे येशूला दासाच्या भावात दिलं. आमोस म्हणतो, इस्राएलात गरिबाला एका जोड्यासाठी विकतात, पायातल्या जोड्यासाठी. होशेय आपल्या बायकोला पंधरा शेकेल आणि दीड होमर सातू देऊन परत आणतो. आणि प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची लांबलचक यादी आहे: सोनं, रुपं, मोती, रेशीम, दालचिनी, द्राक्षारस, तेल, मैदा, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. माणसांची शरीरं आणि माणसांचे जीव सगळ्यात शेवटी येतात, घोडे-रथांच्याही मागे. ती यादी लिहिणाऱ्याने बाजार जवळून पाहिलेला होता.

म्हणून 'बायबल काय सांगतं' याचं माझं पहिलं उत्तर हे, की बायबलाला हा धंदा आतून माहीत आहे. विकणारा कोण, हेही माहीत आहे. सभेतल्या चित्रांमध्ये बहुधा काळी गाडी असते आणि तोंडावर रुमाल बांधलेला माणूस. मी अशी एकही मुलगी पाहिली नाही. मी पाहिल्या त्या मावशीने आणलेल्या, मेहुण्याने आणलेल्या, 'पुण्यात पार्लरचं काम आहे' म्हणणाऱ्या शेजारच्या ताईने आणलेल्या, लग्न करतो म्हणून देवळात हार घालून आणलेल्या. योसेफाला त्याच्या सावत्र भावांनी विकलं. त्याला खड्ड्यात टाकून ते तिथेच भाकर खायला बसले होते. विकायची कल्पना निघाली ती 'मारून आपल्याला काय मिळणार' या हिशोबातून. ही ओळ वाचताना मला दर वेळी एखाद्या मुलीचा जबाब आठवतो.

आणखी एक गोष्ट त्याच कथेत आहे, जी संडे स्कूलमध्ये शिकवत नाहीत. योसेफ पुढे मोठा अधिकारी झाला. दुष्काळात लोकांचे पैसे संपले, गुरं संपली, तेव्हा ते त्याच्या दारात येऊन म्हणाले, आम्हाला आणि आमच्या जमिनी विकत घे, पण भाकर दे. त्याने घेतल्या. विकला गेलेला पोरगा मोठा होऊन दुष्काळात माणसं फारोच्या नावावर लावतो. उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय काढून बघा. बुधवार पेठेतल्या किती घरवाल्या स्वतः कधीतरी चौदा-पंधराव्या वर्षी विकल्या गेलेल्या होत्या, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला देवदूत असं चित्र घेऊन याल, तर आठ दिवसांत गोंधळून परत जाल.

मनाईचं म्हणाल तर ती स्पष्ट आहे. माणूस चोरून विकणाऱ्याला निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत मरणदंड सांगितला आहे. पहिल्या तीमथ्यात पापांच्या यादीत माणसं पळवून विकणारे खुनी आणि खोटी शपथ घेणाऱ्यांच्या बरोबरीने बसवले आहेत. पण याच पुस्तकात दास ठेवण्याचे नियमही आहेत, आणि दासांनी मालकाची आज्ञा पाळावी असंही आहे. अमेरिकेतल्या ख्रिस्ती मळेवाल्यांनी नेमकी तीच वचनं पाठ केली होती. आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून आणलेली माणसं भर रस्त्यावर लिलावात विकली जायची, आणि विकणारे-घेणारे रविवारी मिस्साला जायचे. इंग्रजांनी 1868 साली इथे कायदाच केला आणि पलटणींसाठी नोंदणीकृत बायांची सोय केली; 1886 साली पुरेशा संख्येने आणि दिसायला बऱ्या बाया ठेवाव्यात असं लष्करी परिपत्रक निघालं. त्याविरुद्ध इंग्लंडमध्ये ओरड करणारी जोसेफिन बटलरही ख्रिस्तीच होती, आणि ते परिपत्रक काढणारेही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या गावात कुणी 'तुम्ही लोक आता आम्हाला शिकवणार का' असं विचारलं, तर गडबडू नका. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आणि देवदासींचा विषय निघाला की आपल्याकडच्या काही प्रचारकांना जो चेव चढतो, तोही आवरा. दुसऱ्याच्या अंगणातली घाण दाखवत मुली सुटत नसतात.

आता तुमच्यातला एखादा हुशार पोरगा म्हणेल, 'ताई, बायबलात तर पैसे देऊन सोडवणं आहे की! लेवीयमध्ये जवळच्या नातलगाने विकलेल्या भावाला सोडवून घ्यावं असं लिहिलंय.' बरोबर आहे. म्हणूनच नहेम्याचा पाचवा अध्याय वाचा. लोक येऊन रडतात: शेतं गहाण पडली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, आता पोरं-पोरी दासीपणात देतोय, काही मुली गेल्यासुद्धा. नहेम्या सावकारांना बोलावून म्हणतो, परक्यांना विकलेले आपले भाऊ आम्ही ऐपतीप्रमाणे सोडवून आणले, आणि तुम्ही त्यांना पुन्हा विकायला काढता? म्हणजे पैसे देऊन सोडवायचा प्रयोग त्यानेही केला होता. एका दाराने आणलेली माणसं दुसऱ्या दाराने जात होती. मग त्याने काय केलं? व्याज बंद करायला लावलं, शेतं-घरं परत करायला लावली, आणि याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. सावकार कोण होते? मंडळीतलेच, पहिल्या बाकावरचे.

तुम्ही जालन्याचे, म्हणून तुमच्याच जिल्ह्याचं बोलते. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीकडून ऊसतोडीला किती कोयते जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुकादम पावसाळ्यात वस्तीवर येतो, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो, आणि दसरा-दिवाळीनंतर ट्रक भरतो. ऊसतोडणी म्हणजे सरसकट तस्करी असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्या शहरी लोकांवर मजूरच हसतात. पण हंगाम संपला, उचल फिटली नाही, आणि मुकादमाने बायकोला किंवा पोराला ठेवून घेतलं, किंवा कोयता पुरा करायला पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावलं, तर मग ते काय आहे? कायद्याच्या भाषेत त्याचं उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या पालेर्मो करारात तस्करीच्या व्याख्येला तीन पाय आहेत: माणसाला नेणं किंवा ठेवून घेणं, त्यासाठी जबरदस्ती, फसवणूक किंवा असहायतेचा फायदा, आणि हेतू शोषणाचा. सरहद्द ओलांडायची गरज नाही. गाव ओलांडायचीही नाही. आपल्या घटनेचं तेविसावं कलम माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच वाक्यात मनाई करतं, आणि 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा असलं कर्जच रद्द ठरवतो. 2022 साली इगतपुरी तालुक्यातली कातकऱ्यांची लहान पोरं काही हजार रुपये आणि एखाददुसऱ्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिलेली उघडकीस आली. आमोसाने जोडा म्हटलं, इथे मेंढी निघाली.

या सगळ्याला बायबलात मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातली विधवा. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांतला, म्हणजे आजच्या भाषेत मिशनचा माणूस. कर्ज ठेवून मेला. सावकार दोन पोरं दास करायला न्यायला आला आहे. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाते. अलीशा खिशात हात घालत नाही आणि सावकाराशी भांडायलाही जात नाही. विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, तेलाची एक कुपी. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडकी नको मागूस. पुढचा चमत्कार सगळे सांगतात. माझं लक्ष शेजाऱ्यांच्या भांड्यांवर असतं. तेल जितकी भांडी होती तितकंच आलं. तेल विकून कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू आणि तुझे मुलगे जगा, इथे गोष्ट संपते. पोरं घरातून हललीच नाहीत. सुटका करायची वेळच आली नाही. अशा कामाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला वर्गणीही मिळत नाही.

मुली सोडवण्याचं म्हणता, तर धाड कशी पडते ते ऐका. पोलिस बनावट गिऱ्हाईक पाठवतात, खुणेच्या नोटा देतात, इशारा आला की आत शिरतात. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोबत किमान दोन महिला पोलिस लागतात, पंचांत एक बाई लागते. हे पाळलं गेलं नाही की खटला कोर्टात लंगडतो. आत पोहोचेपर्यंत मुली माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत, खोट्या भिंतीमागे. सापडतात तेव्हा रडत धावत येऊन मिठी मारतात असं समजू नका. चावतात. शिव्या देतात. वय विचारलं की सगळ्या एका सुरात 'एकवीस' म्हणतात, कारण तसं पढवलेलं असतं आणि पोलिस मारतात हेही सांगितलेलं असतं. मग वयाचा पुरावा. शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद मिळाली तर तीच धरायची, नाहीतर हाडांची तपासणी, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतातच. एका मुलीसाठी मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दोनदा गेले होते. हेडमास्तरांनी कपाटावरून जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि दुसरीच्या वर्गात तिचं नाव निघालं. त्या एका ओळीने ती सोळाची ठरली आणि तिची केस बालकल्याण समितीकडे गेली. आरडाओरडा करून दार फोडणारी माणसं या गोष्टीत कुठेच नाहीत.

फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत मोठी धाड पडली होती, चारशेहून जास्त मुली एका झटक्यात बाहेर काढल्या. त्यात नेपाळच्या पुष्कळ. नंतर त्यांना ठेवायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडे तयार नव्हतं. सरकारी वसतिगृहांत कोंबलं, आजार पसरले, काही दगावल्या, काही पळाल्या. त्या काळी मी या कामात नव्हते, पण त्यातून शिकलेल्या बायांनीच मला तयार केलं. आणखी एक अनुभव सगळ्यांचाच होता: मुलीला न्यायला कोर्टात 'आई-बाप' हजर व्हायचे, कागदपत्रांसह, आणि त्यांच्यासाठी उभा राहणारा वकील तोच असायचा जो घरवालीचाही होता. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाने हे थांबवायला सांगितलं: घरवालीच्या वकिलाने मुलींच्या वतीने उभं राहायचं नाही, आणि पालकांची चौकशी झाल्याशिवाय अल्पवयीन मुलगी कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. आजही गृहचौकशीचा अहवाल तीन ओळींत उरकलेला दिसतो. विकणाराच घ्यायला येतो आणि आपण त्याच्याकडून सही घेतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै गावची एक दासी आहे. अंगात येतं, भविष्य सांगते, मालकांना मिळकत होते. पौल तिला त्यातून मोकळी करतो. मालकांची कमाई बुडते, ते पौल आणि सीलाला चौकात ओढत नेतात, फटके, तुरुंग, भूकंप, बंदिशाळेच्या नायकाचा बाप्तिस्मा. आणि ती मुलगी? तिच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. आता ती मालकांच्या काहीच कामाची राहिली नव्हती. त्या रात्री ती कुठे झोपली असेल? त्याच गावात लुदिया होती, जांभळ्या कापडाची व्यापारी, स्वतःचं मोठं घर असलेली. मी कितीतरी वेळा मनातल्या मनात तिला त्या घरी पोहोचवलं आहे. पण पुस्तकात ते नाही, आणि मी तिथे घालूही शकत नाही. प्रत्येक धाडीनंतर मला ती रिकामी ओळ दिसते.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांना ती ओळ भरून काढणारी एक बाई माहीत असायला हवी. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 च्या सुमारास दुष्काळातच गेले. स्वतः रमाबाई उपाशीपोटी वणवण हिंडल्या होत्या. पुढे इंग्लंडमध्ये असताना तिथल्या भगिनींनी चालवलेलं बहिष्कृत बायांसाठीचं घर त्यांनी पाहिलं आणि त्या हलल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्या शेकड्यांनी मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. दुष्काळात दलाल फिरतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण त्यांनी मुली आणून नुसत्या प्रार्थनेला बसवल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना; खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं बायांनी. बाईच्या हाताला असा धंदा दिला की दलालाला द्यायला काही उरत नाही. भक्तीबद्दल त्यांना आपण आठवतो, तेलघाण्याबद्दल आठवत नाही.

आमची चूकही सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या मंडळीने आमच्या घराला मदत द्यायची तयारी दाखवली, अट अशी की एका मुलीने उपासनेत येऊन साक्ष द्यावी. आम्ही तिला विचारलं, ती हो म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. तिथे शिकलेली होती ना. माइकसमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. लोक रडले, दानाच्या थैल्या भरल्या. परतताना रिक्षात ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजचे किती आले?" आठ दिवसांनी ती निघून गेली. आम्हीही तिला लोकांसमोर उभं करून तिच्यावर पैसे घेतले होते. तेव्हापासून आमच्या घराचा नियम आहे: साक्ष नाही, फोटो नाही, डोळ्यांवर काळी पट्टी मारूनही नाही. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं तर बाल न्याय कायद्याने गुन्हाच आहे.

त्याला जोडूनच बाप्तिस्म्याचं. लोक विचारतात, म्हणून सरळ सांगते. घरात राहणाऱ्या मुलीला बाप्तिस्म्याबद्दल आम्ही विचारत नाही. जिचं जेवण, अंथरूण, औषध माझ्या हातात आहे, तिच्या 'हो'ला काय अर्थ? कायदाही तेच म्हणतो: तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेची संमती होती की नव्हती हे बघायचंच नसतं, कारण ती संमती कशी काढली जाते ते कायद्याला माहीत आहे. जे तत्त्व दलालाला लागू, ते मलाही लागू. बाहेर पडून, कमावती होऊन, कुणी आपणहून मंडळीत आली तर तिचं स्वागत. तशा आल्या आहेत. देवळात गेल्या त्याही आहेत, दर्ग्यात गेल्या त्याही, आणि दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्या सगळ्याच येतात.

आणि सज्ञान बाई म्हणाली, मला तुमच्या घरात राहायचं नाही, तर? जाऊ द्यायचं. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाने तीन बायांना वसतिगृहातून सोडताना हेच सांगितलं, की सज्ञान बाईला कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क आहे. आमच्या क्षेत्रात तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला अनुवादाचा तेविसावा अध्याय आठवला: मालकाकडून पळून आलेल्या दासाला परत देऊ नकोस, त्याला आवडेल त्या गावी त्याला आवडेल तिथे राहू दे. त्याला आवडेल तिथे. मला योग्य वाटेल तिथे असं काही त्यात लिहिलेलं नाही.

मेथी निवडणाऱ्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? बऱ्याच महिन्यांनी तिला फिलेमोनाचं पत्र वाचून दाखवलं, एका पानाचं तर आहे. पळून गेलेला अनेसिम, त्याचा मालक, आणि मधे पौल. पौल लिहितो, त्याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे. आणि त्याचं तुझं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. ती म्हणाली, "म्हणजे वहीतलं नाव बदललं." मग थोडा विचार करून, "आणि ह्यानं त्याला स्वतःकडे कामाला नाही ठेवलं?" नाही, म्हटलं. "मग बरंय." मला इतकी चांगली टीका कुठल्या भाष्यात मिळालेली नाही.

आता तुमच्या कामाचं. कुठे संशय आला तर मुलीसाठी 1098, बाईसाठी 181, तातडीचं असेल तर 112. स्वतः आत शिरू नका, फोटो काढू नका, मालकाशी बोलू नका; तो एका तासात मुलगी हलवतो. पुणे-मुंबईची सहल रद्द करा. त्या गल्ल्यांतून प्रार्थना करत फिरणारे गट मी पाहिलेत. बाया जिन्यात बसून त्यांच्याकडे बघतात, आणि ते बायांकडे. गिऱ्हाईकही तेच करतं.

त्याऐवजी आधी आपल्या मंडळीतली स्वयंपाकघरं बघा. झारखंड, ओडिशाकडून आदिवासी मुली शहरात घरकामाला येतात, त्यातल्या कितीतरी ख्रिस्ती असतात, आणि आणणारी एजंट बाई त्यांच्याच मंडळीतली असते. 'आपल्या लोकांकडे पाठवतेय' या एका वाक्यावर आईबाप विश्वास ठेवतात. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरात राबवणं बेकायदा आहे, मग तिला तुम्ही संडे स्कूलला पाठवत असलात तरी. पगार एजंटकडे जातो की तिच्या हातात पडतो, तिचा फोन कुणाकडे आहे, ती एकटी बाहेर जाऊ शकते का, एवढे तीन प्रश्न पुरतात. परदेशच्या नोकऱ्यांनाही हेच प्रश्न लावा. वसई-गोव्याच्या बाया आखातात घरकामाला जातात आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहतो. हल्ली शिकलेली पोरं 'डेटा एंट्री' म्हणून थायलंडला उतरतात आणि म्यानमारच्या सरहद्दीवरच्या कुंपणात बसून लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपली जातात. तुमच्या संघातल्या पोरांना असला मेसेज आला नसेल असं मला वाटत नाही.

आणि मग वस्ती. तुमच्या वर्गणीचं खरं काम तिथे आहे. कुणाकुणाच्या डोक्यावर किती उचल आहे आणि ती कशासाठी घेतली, याची एक वही करा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: दवाखाना, लग्न, बियाणं. त्यातली दोन-तीन घरं बिनव्याजी पैशावर यंदा थांबू शकतात का ते बघा. जी जाणारच आहेत त्यांची पोरं गावात ठेवायला सरकारचं हंगामी वसतिगृह सुरू होतं का, यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागा. होत नसेल तर आजीकडे राहणाऱ्या पोरांच्या संध्याकाळच्या जेवणाचं मंडळीने बघावं. आठवी-नववीतल्या ज्या मुली दिवाळीनंतर शाळेत दिसत नाहीत त्यांची नावं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) लेखी द्या, बालविवाह रोखायची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि पोच घ्या. पास्टरांना सांगा, प्रार्थना या वहीतली नावं घेऊन करा.

मुकादम साधारण जुलैपासून पैसे घेऊन वस्तीवर फिरायला लागतो. तुमची पहिली बैठक जूनमध्ये धरा, शाळा उघडल्या की लगेच.